टॅक्स भरला म्हणजे पैसे सेफ झाले असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतो, जमिनीचे दावे आणि चेक बाउन्स हेच रोजचं काम, पण हल्ली क्रिप्टोत (म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनात) पैसे अडकलेले पक्षकार पण यायला लागलेत आणि सगळ्यांचं पालुपद एकच, "वकीलसाहेब, सरकार ३० टक्के टॅक्स घेतं म्हणजे लीगलच ना हे?" अहो, टॅक्स लागला १ एप्रिल २०२२ पासून, वर १ टक्का टीडीएस कापतात, एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा पण करू देत नाहीत, पण पैसे बुडाले तर दाद कुठे मागायची हे सांगणारा वेगळा कायदा काही आलेला नाही.

ब्लॉकचेन (क्रिप्टोच्या व्यवहारांची डिजिटल वही), फिनटेक (पैशांच्या व्यवहारातलं तंत्रज्ञान) कळणारा वकील लागतो तो इथेच. तो पहिलं विचारणार, चावी, म्हणजे कॉइन हलवायचा गुप्त कोड, कोणाकडे? कॉइन तुमच्या स्वतःच्या डिजिटल वॉलेटमध्ये की एक्स्चेंजकडे, म्हणजे खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे? आणि भांडण झालं तर लवाद कुठे बसणार? वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजचं बघा, जुलै २०२४ मध्ये हॅक झालं, सुमारे २३ कोटी डॉलरचे कॉइन गेले, गुंतवणूकदार आपले आणि परतफेडीची स्कीम मंजूर करायला सिंगापूरचं हायकोर्ट. त्यातल्या चेन्नईच्या एक बाई मद्रास हायकोर्टात गेल्या म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये निकाल तरी आला की क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि व्यवहार चेन्नईतून झाला म्हणून इथल्या कोर्टात येता येतं. आता हा निकाल नीट वापरेल असा वकील तालुक्याच्या गावात शोधून दाखवा.

आमच्याकडे पुरावा म्हणून काय येतं तर व्हॉट्सॲपवरच्या स्क्रीनशॉटची कलर झेरॉक्स, वॉलेटचा ॲड्रेस मधेच कापलेला, ट्रान्झॅक्शन आयडीचा पत्ता नाही. अशा डिजिटल पुराव्याला १ जुलै २०२४ पासून नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे तपासायचा कोड) लिहायची, दुसऱ्या भागावर एक्स्पर्टची सही. हॅश व्हॅल्यू म्हटलं की आमची अर्धी बार रूम चहा मागवते (मी पण त्यातलाच). आणि एक्स्पर्टवर तरी किती विसंबायचं, पुण्याच्या गेनबिटकॉइन या क्रिप्टो फसवणुकीच्या केसमध्ये पोलिसांनी मदतीला घेतलेल्या तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये कॉइन वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली होती.

असे वकील आहेत, नाही असं नाही, पण ते मुंबई-पुण्यात कंपन्यांची कामं बघतात आणि त्यांची फी आमच्या पक्षकाराच्या बुडालेल्या रकमेपेक्षा जास्त. म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर प्रत्येक जिल्ह्यात असा एक तरी वकील घ्यावा, महिन्यातून दोनदा ऑनलाइन बसला तरी चालेल. आणि फसवणूक झाली तर १९३० ला फोन करा असं तुम्ही छापता ना, त्याच्याच खाली एवढं पण टाका, की ट्रान्झॅक्शन आयडी पूर्ण दिसेल असा स्क्रीनशॉट काढा आणि घाबरून मोबाइल फॉरमॅट मारू नका.

आपला,
एक वकील, सातारा