वकीलकाकू, तुमचे जाहीर आभार

प्रिय काकू,
सा. न.

पवईतल्या कंपनीत रुजू झालो. सही करण्याआधी तुम्ही अख्खी संध्याकाळ माझ्या ऑफर लेटरवर घालवलीत, त्याबद्दल घरी येऊन आभार मानलेच आहेत. पण यंदा आपल्या मुलुंडच्या सोसायटीतल्या आणखी काही जणांच्या हातात अशी पत्रं पडणार आहेत, म्हणून हे सर्वांसमोर.

मी पॅकेजचा आकडा दाखवायला आलो होतो. तुम्ही कागद मागच्या पानापासून वाचायला घेतलेत. "नोकरी सुटते कशी ते आधी बघ. लागण्याबद्दल सगळेच गोड लिहितात." सगळी मेख तिथेच होती! मी सोडली तर नोटीस ९० दिवसांची, त्यांनी काढलं तर ३०. दोन वर्षांच्या आत सोडली तर ट्रेनिंगचे म्हणून २ लाख भरायचे. वर वर्षभर प्रतिस्पर्धी कंपनीत जायचं नाही.

या शेवटच्या अटीने मला घाम फुटला होता, तुम्ही मात्र हसलात. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २७. नोकरी सुटल्यावर माणसाला आपल्या धंद्यापासून रोखणारी अट आपल्याकडे कोर्टात सहसा टिकत नाही. नोकरीत असताना दुसरीकडे काम न करण्याची अट टिकते, कंपनीची गुपितं न फोडण्याचीही.

बाँडपाशी, म्हणजे त्या दोन वर्षं आणि २ लाखांच्या अटीपाशी, मात्र तुम्ही थांबलात. बाँड बेकायदाच असतो, असं माझे मित्र छातीठोकपणे सांगत होते. तुम्ही विजया बँकेच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०२५चा निकाल काढून दाखवलात. तीन वर्षं नोकरी, नाहीतर २ लाख, ही अट तिथे वैध ठरली. ती सरकारी बँक होती, नव्याने भरती करणं तिला खर्चिक पडतं, हा मुद्दा होता, हेही सांगितलंत. शिवाय त्याच करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवी हवी. कागदावरची रक्कम ही तिची कमाल मर्यादा.

'कामाच्या वेळेत वा वेळेबाहेर केलेली प्रत्येक निर्मिती कंपनीची' या वाक्यावर तुम्ही पेन्सिलने रेघ मारलीत. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड एरवीही कंपनीचाच, १९५७चा कॉपीराइट कायदाच तसं म्हणतो. पण माझं सुट्टीतलं मराठी कीबोर्डचं ॲप? त्याची आणि जुन्या सगळ्या प्रोजेक्टची यादी तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलीत, जोडपत्र म्हणून लावायला.

पॅकेजकडे शेवटी वळलात. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा होता, साधारणपणे पाच वर्षांनी हाती येणारी ग्रॅच्युइटी होती आणि व्हेरिएबलही, म्हणजे कामगिरीवर ठरणारा, हमी नसलेला भाग. तो आकडा मग जरा बारीक दिसू लागला.

एचआरशी सगळं फोनवर न बोलता मेलवर बोललो, तुम्ही बजावल्याप्रमाणे. नोटीस दोन्हीकडून ६० दिवस झाली, बाँडची रक्कम आता दर महिन्याला घटत जाते, जोडपत्र लागलं. व्हेरिएबलवर ते हलले नाहीत. प्रतिस्पर्ध्यांची अटही तशीच आहे, "असू दे" म्हणालात म्हणून मीही ताणलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला ऐरोलीहून पत्र आलंय. बाँड दीड वर्षाचा आहे, पण रक्कमच लिहिलेली नाही. रविवारी पाठवू का तिला?

तुमचा,
पहिल्या मजल्यावरचा इंजिनिअर