रिपोर्टमधली एक ओळ समजावणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

नाव लिहायचं नाही अशी तुमची ताकीद, म्हणून नुसतं ताई. आभार मात्र चारचौघांत मानायचे होते.

बाबांच्या टाचेवरचा काळा डाग मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग, निघाला, ऑपरेशन झालं आणि पाठोपाठ गाठीच्या जनुकीय तपासणीचा रिपोर्ट आला. बीआरएएफ या जनुकात बदल नाही, म्हणजे त्यावरच्या गोळ्या बाबांच्या कामाच्या नाहीत, एवढं डॉक्टरांनी सांगितलं. खालची ओळ तशीच राहिली: 'एआरआयडी२, कार्य नष्ट करणारा बदल'. ओपीडीच्या त्या गर्दीत विचारणार तरी कुणाला?

तुम्ही फोन स्पीकरवर टाकायला लावलात आणि थेट बाबांशीच बोललात. जन्म शिलाई मशीनवर गेलेल्या माणसाला तुम्ही बॉबिनचाच दाखला दिलात. एका पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए, हिस्टोन प्रथिनांच्या बॉबिनांवर गुंडाळलेला. एकेकीवर पुरते दोन वेढेही नाहीत, डीएनएची अक्षरं १४७. ज्या जनुकाची गरज, तिथली बॉबिन सरकवून दोरा मोकळा करायचा. हे काम करणाऱ्या प्रथिनांच्या टोळीचं नाव स्विच-स्निफ, आणि एआरआयडी२ त्यातलंच एक. ते निकामी झालं की कुठलं जनुक उघडायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं याचा मेळ बिघडतो. बाबा लगेच म्हणाले, "म्हणजे दोरा धड आहे, पण सुटतोय भलतीकडे." तुम्ही हसलात. त्या आठवड्यात घरात कुणी हसलेलं तेवढंच.

यीस्टमध्ये आधी सापडलेली ही यंत्रणा मेलानोमाच्या गाठींत वारंवार मोडलेली असते, हे २०१२ मध्ये पुढे आलं, असंही सांगितलंत. माझ्या मुलीचं काय, हे मला विचारवत नव्हतं. तुम्हीच विषय काढलात: असा बदल बहुधा गाठीतच घडतो, जन्मजात असता तर लहानपणीच वाढीत फरक दिसला असता, तरी डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्या. तपासलं. रक्तात तो नाही.

खरे उपकार पुढचे. भाच्याने २०१८ चा एक शोधनिबंध शोधून काढला होता: उंदरांच्या मेलानोमा पेशींतून एआरआयडी२ काढलं, तर टी-पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी, त्यांना जास्त सहज मारतात. आम्ही हुरळलो. तुम्ही त्याला खोटं म्हणाला नाहीत, मोठंही केलं नाहीत. "याच्यावर थेट औषध आज नाही. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढवणारे उपचार, द्यायची की नाही, ते डॉक्टर आजाराची पायरी बघून ठरवतील, या ओळीवरून नाही." व्हॉट्सअ‍ॅपवर रोज नवा काढा सुचवणाऱ्या नातेवाइकांत हे कुणीतरी बोलायला हवं होतं.

बाबांची शंका अजून आहे: उंदरांचं कळलं, माणसांवर कुठवर आलंय? सवड झाली की फोन करा. बाबा जागेच असतात.

तुमचा,
टेलरकाकांचा मुलगा