चाचणी उद्या नको, तीन आठवड्यांनी घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की पाठांतर चांगले की वाईट, हा वाद पत्रस्तंभांतून दरवर्षी रंगतो. नाशिकमध्ये पस्तीस वर्षे गणित शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की, या वादातील दोन्ही पक्ष घोकणे आणि आठवणे या दोन क्रिया एकच धरून चालतात आणि त्यामुळे आपल्या चाचण्यांतच जी खोट आहे, तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

गंगापूर रोड परिसरातील एखाद्या अभ्यासिकेत संध्याकाळी डोकावले, तर रंगीत पेनाने अधोरेखित केलेली पाने तिसऱ्यांदा-चौथ्यांदा वाचणारी मुले दिसतात. मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि ओळखीचा वाटला म्हणजे तो आपल्याला येतो, असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हा समज तपासला. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा एकदाच वाचून मिटून ठेवला आणि आठवेल तेवढा कागदावर लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा दोनदा वाचलेला उतारा ८१ टक्के आठवला, लिहून पाहिलेला ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले : दोनदा वाचलेला ४२ टक्के, लिहून पाहिलेला ५६ टक्के.

आपल्याकडे धडा संपला की दुसऱ्याच दिवशी त्याची चाचणी होते आणि रात्री गुण पालकांच्या मोबाइलवर येतात. स्मरण ताजे असतानाच त्याचे माप घेतल्यामुळे नुसते वाचन करणारा मुलगा हुशार ठरतो, पालक निर्धास्त होतात आणि फेब्रुवारीत तोच धडा त्याला नवा वाटतो. एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते की, बारा निरर्थक अक्षरगटांची माळ एका दिवसात ६८ वेळा म्हणून जे साधते, तेच तीन दिवसांत विभागून म्हटल्यास ३८ आवर्तनांत साधते. एका बैठकीत उरकण्याचा सोस आपण तरीही सोडलेला नाही.

पाठांतराच्या विरोधकांनाही माझे एक सांगणे आहे. माणूस एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरू शकतो. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये हा आकडा सातच्या आसपास सांगितला, पुढील संशोधकांनी तो चारपर्यंत खाली आणला. सतरा आठे किती, हे ज्याला तोंडपाठ नाही, तो समीकरण सोडवताना गुणाकाराच्या विहिरीत उतरतो आणि वर येईपर्यंत मूळ प्रश्न काय होता, हेच विसरलेला असतो. पाढा पाठ असला की तेवढी जागा विचाराला मोकळी राहते. (आमच्या पिढीने पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत अपूर्णांकांचे सारे पाढे पाठ केले, साडेतीनचा पाढा आज कोणी करावा, असा माझा आग्रह नाही.)

खरा धोका पाठ असलेल्या रीतीची सवय जडण्यात आहे. मानसशास्त्रज्ञ लुचिन्स यांचा १९४२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मी अनेक वर्षे वर्गात करून पाहिला. २१, १२७ आणि ३ मापांची भांडी आहेत, १०० माप पाणी हवे : मोठे भांडे भरा, त्यातून मधले एकदा आणि लहान दोनदा भरून काढा. अशी पाच-सहा उदाहरणे एकाच रीतीने सुटली की पुढे २३, ४९ आणि ३ मापांची भांडी देऊन २० माप पाणी मागायचे. २३ मधून ३ काढले की काम झाले, पण बहुतेक मुले जुनी लांबलचक रीतच लावतात. त्यानंतर २८, ७६ आणि ३ या भांड्यांतून २५ मागितले की जुनी रीत चालतच नाही आणि कित्येक हुशार मुले ‘उदाहरण चुकले आहे, सर’ असे सांगतात. ज्यांना आधीची उदाहरणे दिलेली नसतात, त्यांना हे क्षणात सुटते. एका शीर्षकाखाली एकाच प्रकारची वीस उदाहरणे देऊन, प्रत्येक प्रकाराला एक ‘ट्रिक’ चिकटवून आपण ही सवयच मुलांना लावतो. मीही वर्षानुवर्षे तेच केले, हे मान्य करायला हवे. परीक्षेत उदाहरणावर शीर्षक नसते, त्यामुळे कोणती रीत लावायची, हे ठरवण्याचा सराव मुलांना कधी मिळतच नाही.

म्हणून शाळांना आणि शिकवणी वर्गांच्या चालकांना माझी विनंती आहे की, प्रत्येक चाचणीतील निम्मे प्रश्न तीन आठवड्यांहून जुन्या धड्यांवरचे असावेत आणि सारे प्रश्न शीर्षकाविना, सरमिसळ करून द्यावेत. याला जादा तास लागत नाही की नवे पुस्तक. पहिले दोन महिने गुण घसरतील, हे पालकसभेत आधीच सांगून ठेवावे. नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत पालक मुलाचा क्लासच बदलतील.

आपला,
एक निवृत्त गणितशिक्षक,
नाशिक