परिषदेच्या बातमीत रोग कुठे आहेत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात कीटकांच्या रोगांवरील शास्त्रज्ञांच्या परिषदेची बातमी वाचली. दीपप्रज्वलन कोणी केले, शाल-श्रीफळ कोणाला मिळाले, आभार कोणी मानले, सगळे आले. पण दोन दिवस ज्या रोगांवर चर्चा झाली, त्यांतल्या एकाचेही नाव नाही. वर मथळा, ‘किड्यांनाही होतात आजार!’ त्या उद्गारचिन्हाचा मला फार राग आला.

मी रेशमाच्या अळ्या पाळतो, त्यांच्या पाल्यासाठी माझी दोन एकर तुती आहे. गेल्या श्रावणात १५० अंडीपुंजांची बॅच होती. चौथी कात टाकून अळ्या पाल्यावर तुटून पडल्या होत्या. एका पहाटे आई म्हणाली, “अरे, या खाईनात, रॅकच्या कडेकडेनं फिरतायत.” बॅटरी लावून पाहिले. अंग फुगलेले, कातडी चकचकीत. एक उचलली तर बोटांतच फुटली, अंगठ्यावर दुधासारखे पाणी आले. ही ग्रासरी, म्हणजे अळ्यांचा विषाणूमुळे होणारा रोग, हे मला तीन दिवसांनी कळले. त्या पाण्यातूनच रोग पसरतो, हे त्याहून उशिरा. तोवर त्याच हातांनी मी सगळ्या रॅकवर पाला टाकत होतो. क्विंटलभर कोषांची आशा होती, ११ किलो निघाले. ज्यांच्याकडून चॉकी, म्हणजे लहान वाढवलेल्या अळ्या, आणल्या ते म्हणाले, तुमचेच शेड अस्वच्छ. असेलही. पण काय पाहायचे, कशाला जपायचे हे आधी कोणी तरी सांगायला हवे होते ना?

सूक्ष्मजीवामुळे प्राण्याला रोग होतो हे इटलीत आगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये दाखवले ते रेशमाच्याच अळीवर. तिला खडूसारखी पांढरी आणि कडक करणारी बुरशी त्यांना सापडली. पुढे लुई पाश्चर १८६५ पासून चारपाच वर्षे फ्रान्समध्ये याच अळीच्या रोगांमागे होते. अंडी घातलेली मादी कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, पेब्रिन या रोगाचे जंतू दिसले तर तिची अंडी नष्ट करायची, ही त्यांची रीत अंडीपुंज केंद्रांत अजून चालते. आणि हरभऱ्यावर एचएएनपीव्ही हे विषाणूचे कीडनाशक फवारणारा शेतकरी दुसरे काय करतो? ग्रासरीच्याच कुळातल्या विषाणूने घाटे अळीला मुद्दाम आजारी पाडतो. उन्हात विषाणू टिकत नाही म्हणून फवारणी संध्याकाळी, द्रावणात नीळ घालून. हे आमच्या बांधावर आले ते कृषी सहायकाच्या तोंडून, वर्तमानपत्रातून नव्हे.

आपल्या वार्ताहरांकडे त्या परिषदेची टिपणे असतील तर रेशमाच्या अळीविषयी जे बोलले गेले ते चार ओळींत तरी छापा, ही कळकळीची विनंती. पुढच्या बॅचचे अंडीपुंज मला याच महिन्यात नोंदवायचे आहेत.

आणखी एक. सोन्याचा भाव आपण रोज देता. जालन्याच्या कोष बाजारातला भाव आठवड्यातून एकदाही दिसत नाही. आम्ही तो गाडी भरून निघाल्यावर फोनवर विचारत असतो.

आपला नियमित वाचक,
एक रेशीम उत्पादक शेतकरी, जि. जालना