तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चल, काहीतरीच तुझं" म्हणून पोह्यांची प्लेट पुढे करता. म्हणून यंदा तुम्ही आपल्या पोरांचे खेळ घेतलेत, त्याचे आभार चारचौघांत लिहिते आहे.

मे महिना, पारा ४५ च्या वर, संध्याकाळी सहा वाजताही गच्चीवर पाय ठेववत नाही, आणि १३ ते १५ वयाची १८ पोरं एका हॉलमध्ये. नागपुरात उन्हाळा काढणाऱ्याला याहून जास्त सांगायला नको. मागच्या वर्षी आपण पैसे मोजून खेळ घेणारा अँकर बोलावला होता. त्याने कानठळ्या बसतील एवढा माईक लावला आणि पेपर डान्स घेतला. मुलगा-मुलगीची जोडी, दर फेरीला वर्तमानपत्राची घडी अर्धी, आणि हरेल त्याने सगळ्यांसमोर नाचायचं. चौदाव्या वर्षी आपलं अंगच आपल्याला अवघड वाटत असतं, तिथे हा खेळ! दुसऱ्या फेरीनंतर अर्धी मुलं मोबाईल घेऊन भिंतीला टेकली. वर ऐकून कोणाला घ्यावं लागलं, तर पोरांना: "आजकालची पोट्टी खेळतच नाहीत."

यंदा तुमच्याकडे ती पोरं तीन तास खेळली. माईक नाही, बक्षीस नाही, शिक्षा तर नाहीच.

पहिला खेळ माफिया. मॉस्कोच्या विद्यापीठात १९८६ च्या सुमारास दिमित्री डेव्हिडॉफ याने तो बसवला, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा पोरं तुमच्याकडे बघतच राहिली. सामान काय, तर एक पत्त्यांचा कॅट. चार राजे म्हणजे माफिया, एक राणी डॉक्टर, एक एक्का पोलीस, बाकी १२ साधे पत्ते म्हणजे गावकरी. कोणाचा कोणता पत्ता ते गुपित. रात्री सगळे डोळे मिटतात, माफिया तेवढे डोळे उघडून खुणेने एकाला "मारतात", आणि दिवसा सगळे मिळून माफिया कोण ते ओळखून एकेकाला बाद करतात. माफिया पाचाच्या वर गेले की गाव उभंच राहत नाही, आणि दोनच ठेवले तर खेळ रात्रीमागून रात्री लांबतो. हा खेळ फसतो तो आवाजाने. डोळे मिटलेले असले तरी शेजारचा हलला की कळतं. तुम्ही रात्र झाली की सगळ्यांना मांडीवर हलकी थाप धरायला लावलीत आणि कूलर मुद्दाम फुलवर ठेवलात. एरवी ज्या घरघरीला आपण वैतागतो, तिचा असा उपयोग कोणाला सुचला असता! पहिल्या रात्री कोणी मरायचं नाही, हा तुमचा नियम तर मला फार आवडला. नाहीतर जो पहिला बाद होतो त्याने तोंडही उघडलेलं नसतं, आणि पुढचा अर्धा तास तो नुसता बसून. मेलेल्यांना तुम्ही भूत केलंत: डोळे उघडे, तोंड बंद, सगळं दिसतंय पण सांगता येत नाही. बाद होण्यातही मजा आली.

मग चित्रसाखळी, नऊ-नऊच्या दोन गटांत. नऊच का, ते खेळताना कळलं. पहिला वाक्य लिहितो, दुसरा त्याचं चित्र काढतो, तिसरा वाक्य झाकून फक्त चित्रावरून नवं वाक्य लिहितो. आकडा विषम असला की साखळी वाक्यावर संपते आणि पहिल्या वाक्याशी ताडून बघता येते. चित्राला ६० सेकंद, वाक्याला ३०. वेळ जास्त दिला की चांगली चित्र काढणारी पोरं रंगवत बसतात आणि बाकीची ओशाळतात. कूलरच्या झोताने कागद उडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या हातात परीक्षेचं क्लिपवालं पॅड.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते. त्या मुलीला विचारूनच लिहिते आहे.

कोणीतरी हत्तीचं चित्र काढलं होतं. पुढच्याने त्याखाली "हत्ती" न लिहिता आपल्यातल्याच एका मुलीचं नाव लिहिलं. त्या गटाचे नऊ कागद मोठ्याने वाचायला तुमच्याकडे आले, तुम्ही ते चाळलेत, आणि एका कागदावर तुमचा हात क्षणभर थांबला. चेहऱ्यावर काही नाही. शेजारचा पन्ह्याचा ग्लास कोपराने कलंडला, जेल पेनची शाई पसरली, आणि तुम्ही म्हणालात, "अगं बाई, धांदरटच मी. आता आठच वाचू." तो ओला कागद चार घड्या करून तुमच्या पर्समध्ये गेला.

कोणी लिहिलं, तुम्ही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर सगळ्यांना कळलं असतं आणि "हत्ती" हे नाव तिला वर्षभर चिकटलं असतं. पण ती तुमच्या बाजूलाच बसली होती, तिने वाचलं होतं. तिनेच रात्री आईला सांगितलं, "काकूंनी ग्लास मुद्दाम पाडला." लिहिणाऱ्यालाही कळलंच असणार. पुढच्या फेरीत त्या गटातली वाक्यं एकदम सरळ आली. त्या फेरीपासून पहिलं वाक्य तुम्ही लिहिलेल्या चिठ्ठ्यांतूनच काढायचं ठरलं, आणि "माणसांची नावं नाहीत" एवढंच तुम्ही जाता जाता सांगितलंत.

चांगलं वागणारी माणसं आपल्या जिन्यातच राहतात काकू, आणि आपण अँकर शोधत बाहेर फिरतो.

तुमची पॅडं माझ्याकडे राहिली आहेत. एकाची क्लिप सैल होती, ती बदलून घेतली. पन्ह्याचा डाग तेवढा एका पॅडवरून गेला नाही. ती मुलगी म्हणते, ते पॅड मला हवं. देऊ का?