‘टूथसम’मधला दात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील अनुवादित पाककृतीत कस्टर्डला ‘दातांना चावायला लावणारे’ असे विशेषण दिलेले वाचून आश्चर्य वाटले. मूळ इंग्रजीत तेथे ‘टूथसम’ असावे. शब्दात ‘टूथ’ आहे म्हणून अर्थ चावण्याकडे ओढला जाणे स्वाभाविक आहे, आणि अलीकडे काही इंग्रजी खाद्यलेखकही तो शब्द तसा वापरतात. परंतु सोळाव्या शतकापासून त्याचा रूढ अर्थ ‘चविष्ट, खाण्याचा मोह पाडणारे’ असाच आहे. ‘हँडसम’, ‘ट्रबलसम’ या शब्दांतलाच ‘-सम’ प्रत्यय येथे ‘टूथ’ला लागला आहे आणि हा ‘टूथ’ म्हणजे घास चावणारा दात नव्हे, तर खाण्याची आवड होय. गोडाची आवड असलेल्या माणसाला इंग्रजीत ‘स्वीट टूथ’ असतो, तो याच अर्थाने. मराठीने ही आवड जिभेकडे सोपवली आहे: चोचले जिभेचे, चटकही जिभेलाच. आपल्याकडे कोणी कोणावर दात धरला, तर त्यातून कळते ते मनातले वैर. त्यामुळे या शब्दाचे शब्दशः भाषांतर मराठीत टिकत नाही.

अर्थाने असे दुरावलेले हे दोन शब्द जन्माने मात्र सख्खे आहेत. संस्कृत ‘दंत’, ‘डेंटिस्ट’मध्ये उरलेला लॅटिन शब्द आणि इंग्रजी ‘टूथ’ यांचे मूळ एकच. जर्मन ‘त्सान’मध्ये अनुनासिक टिकले, इंग्रजीत ते लोपले आणि आधीचा स्वर दीर्घ झाला. ‘हंस’शी नाते सांगणाऱ्या जर्मन ‘गान्स’चे इंग्रजी भावंड ‘गूस’ झाले, तेही याच रीतीने. मला याहून मोलाचे वाटते ते हे, की मराठीनेही पुढे स्वतंत्रपणे जवळजवळ हीच वाट धरली. ‘दंत’चा ‘दांत’ आणि ‘पंच’चा ‘पांच’ झाला. स्वर लांबला, अनुनासिक विरत गेले आणि १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी त्याची लिखित खूण असलेला अनुस्वारही गेला. आपला ‘दात’ आणि त्यांचा ‘टूथ’ या दोघांनीही आपला ‘न’ असा वाटेत गमावला आहे.

अनुवादकांच्या श्रमांविषयी मला आदर आहे. तरीही पुढील अंकात दुरुस्ती द्यावी, ही विनंती. ‘तोंडाला पाणी सुटेल असे कस्टर्ड’ एवढे म्हटले तरी मूळ शब्दाला न्याय मिळेल.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली