बंदी मागण्याआधी गेम बघायला हवा होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला कॉम्प्युटर गेमवरचा लेख वाचला. लेखकांची तळमळ खरी आहे. माझाही मुलगा दहावीला आहे आणि त्याने तासन्‌तास पडद्यासमोर बसू नये, हे मलाही वाटते. पण ज्या ‘अनरिअल टूर्नामेंट’चे नाव घेऊन त्यांनी बंदी मागितली, तो गेम त्यांनी पाच मिनिटेही पाहिलेला दिसत नाही. पाहिला असता तर ‘खून शिकवणारा खेळ’ एवढ्यावर लेख संपला नसता.

हा गेम १९९९ चा. टिळकवाडीतल्या सायबर कॅफेत आम्ही कॉलेजची पोरे तासाचे पैसे भरून तो खेळायचो. सुरू होतानाच तो आपली गोष्ट सांगतो. साल २२९१. अंतराळातल्या खाणकामगारांच्या मारामाऱ्या आवरेनात, म्हणून सरकारच अशा झुंजींना कायद्याने परवानगी देते. लिआंड्री नावाची खाण कंपनी त्यांचे जाहीर सामने भरवते. क्रूरपणा वाढतो तशी गर्दी वाढते, आणि कंपनीला कळून चुकते की खाणींपेक्षा यातच पैसा जास्त आहे. पन्नास वर्षांनी हा नफा शेकडो अब्जांवर गेलेला असतो. एका सामन्यासाठी तर दुसऱ्या महायुद्धातला नॉर्मंडीचा किनाराच नव्याने उभारला आहे, लोकांना बघायला मिळावा म्हणून! आपल्या आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती मारलेला पैलवान फेरी मारतो तेव्हा लोक त्याच्या हातात नोट ठेवतात. इथे लढणारा मरतो आणि नोटा मोजते कंपनी. गेमचा राग त्या कंपनीवर आहे. विसाव्या वर्षी आम्हाला ते समजत होते.

आणि बंदी कशावर घालणार? तो बनवणाऱ्या एपिक कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये हा गेम स्वतःच विक्रीतून काढला आणि पुढच्या जानेवारीत त्याचे सर्व्हरही बंद केले.

तो डिसेंबर आपण सीमाभागातले लोक विसरलेलो नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद पेटला होता आणि ६ तारखेला बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली. ती झाली, ती निंद्यच होती. मी सांगतो ते त्याच संध्याकाळचे. आमच्या दुकानासमोर घोषणा देऊन पोरे चहाला पांगली होती. एका वृत्तवाहिनीची गाडी उशिरा आली. माईकवाल्याने पोरांना टपरीवरून परत बोलावले, एकमेकांना खेटून उभे केले आणि ‘आणखी एकदा, जोरात’ म्हणत तीन वेळा घोषणा द्यायला लावल्या. चौथ्यांदा एकाला टायर आणायला सांगितले. तेव्हा मी मध्ये पडलो, तर ‘काका, तुम्ही फ्रेममध्ये येताय, बाजूला व्हा’ असे मलाच सुनावले. रात्रभर तेच दृश्य थेट प्रक्षेपण म्हणून फिरत राहिले. प्रत्येक फेरीनंतर जाहिराती. आमच्या गल्लीत त्या वेळी बायका जेवणे उरकून ओट्यावर बसल्या होत्या.

गडहिंग्लजहून बहिणीचा रडत फोन आला, ‘दादा, दुकान बंद कर, घरी जा.’ दोन दिवसांनी तिच्या सासऱ्यांचे कार्य होते. एसटी बंद, आणि आमच्या घरातली माणसे ते चित्र बघून मला मोटारसायकलवरही सोडायला तयार होईनात. मी गेलो नाही. भाऊ असून कार्याला आला नाही, हे तिला सासरी आजही ऐकावे लागते.

माझा मुलगा हल्ली ‘द फायनल्स’ खेळतो. २०२३ चा गेम. त्यात निवेदक आहेत, प्रायोजक आहेत, आणि गोळी लागलेला स्पर्धक कोसळला की रक्ताऐवजी नाणी उधळतात. आपल्या लेखकांनी हा तरी त्याच्या शेजारी बसून बघावा आणि मग माईकवाल्यांवर लिहावे. त्यांच्यावर बंदी मागा असे मी म्हणत नाही, पण निदान लिहा तरी.

जाता जाता आणखी एक. गेले काही आठवडे पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या जाहिराती आल्या की पहिल्यांदा ‘वाचकांची पत्रे’ गायब होतात. खानापूर-निपाणीकडचे लोक आपले गाऱ्हाणे मराठीत मांडायला याच सदरावर अवलंबून आहेत. ही जागा कृपया दुसऱ्या कशासाठी देऊ नका.

जागेअभावी पत्र कापावे लागले तर गेमची गोष्ट कापा. दुकानासमोरची संध्याकाळ मात्र पूर्ण छापा.

आपला,
एक जुना वाचक
शहापूर, बेळगाव